अकरा अंश अठ्ठेचाळीस

मोताळ्याच्या बस स्टँडसमोर माझं ऑनलाइन सेंटर आहे. सातबारा, पीकविमा, जातीचा दाखला, आधारची जोडणी, सगळं एका खुर्चीवर बसून होतं. माझे अब्बा फकीर मोहम्मद गाद्या भरायचे. आयुष्यभर त्यांच्या भुवयांवर कापूस असायचा. मी त्याच कापसाच्या विम्याचे अर्ज भरतो. माझं डोकं तापट आहे हे अख्ख्या तालुक्याला ठाऊक आहे. कोणी नुसतं विचारलं, मोईज, बरोबर भरला ना रे अर्ज, तरी माझी सटकायची. भरता येत असेल तर तूच भर, असं मी तोंडावर सांगायचो. चौदा वर्षांत माझा एकही अर्ज चुकीचा म्हणून परत आला नाही, ही गोष्टही मी कोणी न विचारता सांगत असे. आता सांगत नाही.

राजकुमार माझा दोस्त. पहिलीपासून आम्ही एका बाकावर. माझ्या डब्यातला खिमा तो त्याच्या घरच्यांना न सांगता खायचा आणि त्याच्या आईची बेसनाची वडी मी माझ्या घरच्यांना सांगून खायचो. पोरगं हाताने फार हुशार होतं. विहिरीवरची डिझेल इंजिनं, फवारणीचे पंप, थ्रेशर, जे बंद पडेल ते त्याच्याकडे यायचं. आणि तहान अशी की विचारू नका. तांब्या तोंडाला न लावता वरून धार धरायचा आणि एका दमात रिकामा करायचा. त्याची आई, आमच्या पुष्पाकाकू, म्हणायच्या की माझ्या पोराला भूक आवरते, तहान आवरत नाही.

सतरा सालच्या दिवाळीनंतर कापूस गेला. बीटी बियाणं आलं तेव्हा बोंडअळीचा विषय संपला असं सगळ्यांनी धरून घेतलं होतं. त्या वर्षी वरून हिरवीगार, टच्च बोंडं दिसायची आणि फोडलं की आत गुलाबी अळी. राजकुमारने त्यांच्या शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभं राहून एकापाठोपाठ एक तीसेक बोंडं फोडली. मग हात झटकून मला म्हणाला, “अळीले पाना लागत नाई बे मोईज. इंजिनले लागते.” खामगावचा एक ओळखीचा माणूस मंगळूरला बोटींवर कामाला होता. तिथून लक्षद्वीपच्या बेटांवर सिमेंट, विटा, लोखंड घेऊन लहान मालवाहू बोटी जातात. त्यांचं इंजिन सांभाळायला मिस्त्री हवा होता. राजकुमारने समुद्र कधी पाहिलेला नव्हता, पण इंजिन म्हणजे इंजिन. होळी झाली आणि तो गेला. फोनवर हसायचा. चहूकडे पाणीच पाणी आणि प्यायला मोजून बाटली, असं सांगायचा.

अठराच्या नोव्हेंबरात ती बोट वादळात बुडाली. पाच जण होते. दोघांना दुसऱ्या बोटीने जिवंत उचललं, दोघांचे देह मिळाले. राजकुमार मिळाला नाही.

आठ दिवसांनी बोटमालकाचं इंग्रजीतलं पत्र आलं. राजकुमारचे वडील पंजाबराव ते घेऊन थेट माझ्याकडे आले. सोबत पुष्पाकाकू आणि राजकुमारची बायको पूनम. लग्नाला दोन वर्षं झाली होती तिच्या. पत्रात तारीख, वेळ, आणि बोट शेवटची कुठे होती त्याचे आकडे होते. अक्षांश ११-४८ उत्तर, रेखांश ७३-०० पूर्व. बाकी सगळं मी वाचून दाखवलं. पूनमने फक्त त्या आकड्यांवर बोट ठेवलं आणि विचारलं, ही जागा दाखवता येते का.

मला काय दाखवता येत नाही, असा माझा तोरा. मी नकाशा उघडला आणि आकडे टाकले. दिवसाकाठी मी पन्नास सातबारे हाताळतो. त्यावर क्षेत्र लिहिलेलं असतं हेक्टर आणि आर. एक हेक्टर अठ्ठेचाळीस आर असेल तर मशीनमध्ये १.४८ टाकायचं. बोटं आपोआप चालतात. मी ११.४८ टाकलं, पुढे ७३.०० टाकलं आणि बटण दाबलं.

टाचणी पडली ती एका बेटाच्या अगदी काठाशी. किल्तान नावाचं बेट. लांबुळकं, गवारीच्या शेंगेएवढं, बाजूला फिकट हिरवं पाणी.

मग मी पाण्याची खोली शोधायला लागलो. साध्या नकाशात समुद्र म्हणजे नुसता निळा रंग, त्यातून काही कळत नाही. मराठीत ‘समुद्र किती खोल’ टाकलं तर शाळेच्या निबंधांची उत्तरं यायची. तासाभराने इंग्रजीत शोधता शोधता एक जागा सापडली. जगातल्या सगळ्या समुद्रांच्या तळाची माहिती, चौकोन चौकोन पाडून, फुकट ठेवलेली. जिथे बोट ठेवाल तिथली खोली उणे आकड्यात दाखवायची. जमीन अधिक, पाणी उणे. मी माझ्या टाचणीवर बोट ठेवलं. उणे दोन.

“काकू, दोन मीटर,” मी म्हणालो. “म्हणजे परसभर पाणी. अन बेट तर इथं समोरच हाय.”

आमच्याकडे विहिरीचं पाणी परसात मोजतात. हात वर करून उभा राहिलेला माणूस म्हणजे एक परस. पंजाबरावांची विहीर अकरा परस खोल आहे आणि तिच्यात राजकुमार सातव्या वर्षापासून उड्या मारत होता. असा माणूस परसभर पाण्यात बुडतो होय? पुष्पाकाकूंनी माझं तोंड दोन्ही हातांत धरलं. पूनम खुर्चीत बसली आणि कितीतरी वेळ त्या हिरव्या पाण्याकडे बघत राहिली. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं होतं. खोटं कशाला सांगू, मला तेव्हा फार मोठं काहीतरी केल्यासारखं वाटलं.

दुसऱ्या दिवशी भाऊबंद जमले होते. देह मिळाला नाही तर पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी देतात. पुष्पाकाकूंनी पानांचा भारा उचलून ढोरांपुढे टाकला. माझं पोरगं परसभर पाण्यात होतं, म्हणाल्या, त्याचा पुतळा करायचा नाही.

मी त्या बेटावरच्या सरकारी ऑफिसचा नंबर काढून फोन लावला. पलीकडचा माणूस मल्याळम बोलायचा, हिंदी तोडकी मोडकी. तो तीन वेळा एकच वाक्य म्हणाला. साब, इधर कोई बोट नहीं डूबा. मी त्याच्यावर डाफरलो. ज्याला आपल्या दारात बुडालेली बोट ठाऊक नाही तो काय नोकरी करतो, असं फोन ठेवून सगळ्यांना सांगितलं. आज ते वाक्य मला अधूनमधून ऐकू येतं. तो बिचारा खरं सांगत होता.

मग तर्क सुरू झाले. बेटावर नाही म्हणजे कोण्या परदेशी जहाजाने उचललं असेल. डोक्याला मार लागून नाव विसरला असेल. तुरुंगात असेल. पूनम दर बाजाराच्या दिवशी सेंटरवर यायची, पिशवी बाकाखाली ठेवायची आणि गर्दी ओसरली की म्हणायची, “मोईजभाऊ, नकाशा लावता का?” मी लावायचो. तिच्यासाठी मी समुद्राचं काय काय शोधून काढलं. पाण्याचे प्रवाह बाणांनी दाखवणारा नकाशा होता. महिन्यागणिक त्याचे बाण फिरायचे. वाऱ्याचा वेगळा होता, जहाजांच्या वाटांचा वेगळा. एक तर एवढी मोठी फाइल होती की उतरवायला दोन दिवस लागले आणि उघडायला कोणता प्रोग्रॅम लागतो ते कळायला आठवडा. पूनम बारावी पास. तिने माझ्याहून लवकर शिकून घेतलं. एकावर एक थर कसे लावायचे, नोव्हेंबरचे बाण कसे काढायचे. त्या बेटापासून निघालेलं लाकूड महिन्याभरात कुठे पोचेल हे ती बोटाने दाखवायची. लाकूड म्हणायची, माणूस म्हणायची नाही.

एवढं सगळं शोधलं, पण पहिला आकडा मी पुन्हा कधी तपासला नाही. तो मी टाकलेला होता ना.

घरात तिचं वागणं सरळ होतं. मंगळसूत्र, कुंकू, हिरव्या बांगड्या. तिचे माहेरचे दोनदा न्यायला आले, ती गेली नाही. कापूस वेचायची, निंदायची, सासऱ्यांच्या बरोबरीने राबायची. आखाजी आली की मात्र त्या घरात प्रश्न उभा राहायचा. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, आमच्याकडे घरातल्या गेलेल्या माणसासाठी कुंभाराकडची नवी घागर भरतात. गाळलेलं पाणी, वर लोटी, लोटीवर आंबा. बाहेरच्या एखाद्या माणसाला पितर म्हणून बोलावून जेवू घालतात आणि आधी त्या घागरीचं पाणी पाजतात. गेलेल्याला वर्षाचं पाणी तेवढंच पोचतं असं मानतात. पुष्पाकाकू त्यांच्या गेलेल्या सासऱ्यांची घागर भरायच्या. राजकुमारची भरायच्या नाहीत. जित्या माणसाची घागर भरली तर त्याचं आयुष्य तुटतं. एकोणीसची आखाजी गेली, वीसची गेली, एकवीसची गेली.

मधली दोन वर्षं कोरोनाने खाल्ली. नाहीतर पूनम आधीच निघाली असती. बावीसच्या मार्चमध्ये ती पंजाबरावांना घेऊन आली आणि म्हणाली की मला किल्तानला जायचं आहे. मी स्वतः दारोदार विचारीन, फोटो दाखवीन. त्या बेटांवर जायला परवाना लागतो, त्याचा ऑनलाइन अर्ज असतो. मी भरायला घेतला. नाव, पत्ता, पोलिसांचा दाखला, कोणत्या बेटावर, कशासाठी. पूनम पोलीस स्टेशनला दाखल्याचं विचारायला गेली. पंजाबराव माझ्यासमोर बाकावर बसले. टेबलावर त्यांचा सातबारा होता आणि त्याला लागून बोटमालकाचं ते पत्र, घड्या पडून चिंधीसारखं झालेलं.

पंजाबराव कमी बोलणारा माणूस. त्यांनी चष्मा लावला, आधी सातबारा पाहिला, मग पत्र.

“मोईज, माह्या सातबाऱ्यावर बी अठ्ठेचाळीसच हाय,” ते म्हणाले. “एक हेक्टर अठ्ठेचाळीस आर. अन माह्या बापाच्या जुन्या कागदावर हेच वावर तीन एकर सव्वीस गुंठे.”

मी अर्ज भरता भरता हं म्हणालो.

“वावर तेवढंच. आकडा बदलते. काऊन तं एकराचे गुंठे चाळीस, अन हेक्टरचे आर शंभर.” त्यांनी पत्रावरच्या ११-४८ वर नख ठेवलं. “मंग ह्या अंशाचे किती असतात?”

माझ्या तोंडात शंभर आलं होतं. मी ते बोललो नाही. सातवीतलं भूगोलाचं पुस्तक, त्यातला तो गोल, उभ्या आडव्या रेघा, राजकुमारने त्याला काढलेल्या मिशा, सगळं एकदम आठवलं. अंशाची मिनिटं साठ असतात. अर्ध्या तालुक्याच्या पोरांना ठाऊक असलेली गोष्ट. अठ्ठेचाळीस मिनिटं म्हणजे शंभरातले अठ्ठेचाळीस नाहीत. ऐंशी.

मी अकरा पॉइंट ऐंशी टाकलं.

टाचणी बेटावरून उठली आणि वर जाऊन पडली. तिथे हिरवं काही नव्हतं. कोणत्याही बाजूला काही नव्हतं. मी अंतर मोजलं, किल्तानपासून पस्तीस किलोमीटर. बोट चेतलत या दुसऱ्या बेटाला चालली होती असं पत्रात लिहिलेलं होतं, आणि ही जागा मंगळूरहून चेतलतला जाणाऱ्या सरळ वाटेवर होती. साडेतीन वर्षं ते नाव माझ्या डोळ्यांसमोर होतं. चेतलतची बोट किल्तानच्या काठाला कशी, हे मी स्वतःला एकदाही विचारलं नव्हतं. मी खोलीचा नकाशा लावला. तिथला रंग जांभळट काळा होता.

पंजाबरावांना इंग्रजी येत नाही, पण टाचणी हललेली त्यांनी पाहिली होती. “इथं किती?” त्यांनी विचारलं.

उणे एकोणीसशे चाळीस. मी आकडा सांगितला. मग त्यांना समजेल असं सांगायचं म्हणून फूट केले, परस केले. “काका, हजार परस,” मी म्हणालो. “हजाराले थोडे कमी.”

पंजाबरावांनी चष्मा काढला आणि खिशात ठेवला. पुन्हा काढून घातला. मी म्हणालो, काका, मले मारा. ते म्हणाले, मारून काय होते. बाहेर बस लागली होती, कंडक्टर मलकापूर मलकापूर ओरडत होता. ते उठले, छत्री घेतली, दारापर्यंत गेले आणि वळले.

“पूनमले मी नाई सांगू शकत,” ते म्हणाले. “तू सांगतलं होतं. तूच सांग.”

मी चार दिवस सांगितलं नाही. भित्रेपणाचीही हद्द असते. परवान्याचा अर्ज तसाच अर्धा ठेवला, पूनमचा फोन आला तर साइट बंद आहे म्हणून थाप मारली. मनात आलं, जाऊ दे तिला. किल्तान बघून येईल, कोणी नाही म्हणेल, परत येईल, हळूहळू विसरेल. असा विचार करणं किती सोपं असतं. तिने तिथल्या प्रत्येक दारात फोटो दाखवला असता आणि प्रत्येक दारात तेच ऐकलं असतं, इधर कोई बोट नहीं डूबा. पाचव्या दिवशी शटर ओढलं आणि गाडीला किक मारली.

ती वावरात होती. उभी पऱ्हाटी, वेचून झालेली कापसाची झाडं, उपटत होती. शेतीखात्याचे लोक दर वर्षी सांगतात की डिसेंबरनंतर पऱ्हाटी उभी ठेवू नका, चार बोंडांच्या आशेने ठेवता आणि अळी त्यातच जगते. त्यांनी चार ओळी मार्चपर्यंत ठेवल्या होत्या. पूनमने मला पाहिलं, झाडं उपटायचा लोखंडी चिमटा खाली टाकला आणि पदराने तोंड पुसलं. परवाना आला का, विचारलं.

मी सांगितलं. बांधावर बसून सांगितलं, मोबाइलवर दोन्ही टाचण्या दाखवून सांगितलं. अंश, मिनिटं, साठ, शंभर. तिला नकाशा वाचता येत होता, म्हणून मला फार समजावावंच लागलं नाही. तिने माझ्या हातातून मोबाइल घेतला, स्वतः थर बदलला, खोलीचा लावला. बोट ठेवलं. आकडा वाचला. मग नोव्हेंबरचे बाण लावले आणि लगेच काढून टाकले.

“इतक्या खाली उजेड असते का?” तिने विचारलं.

मी ते वाचलेलं होतं. खोटं बोलायचं ठरवलं असतं तर जमलं असतं. पण या बाईशी मी साडेतीन वर्षं नकळत खोटं बोललो होतो, कळून एकदाही बोलणार नव्हतो.

“नाई वहिनी,” मी म्हणालो. “दोनशे मीटरच्या खाली काहीच दिसत नाई.”

तिने मोबाइल माझ्या हातात परत दिला. दोन्ही हातांनी गुडघे धरले. ती रडली नाही तेव्हा. शेजारच्या वावरातल्या बाया आमच्याकडे बघत होत्या. मग ती म्हणाली, अगदी सावकाश, चिडल्यासारखी सुद्धा नाही.

“मोईजभाऊ, तुम्ही एकदा तरी कोणाले तरी इचारलं असतं.”

एवढंच. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ती उठली, चिमटा उचलला आणि उरलेली ओळ उपटायला लागली. एक झाड निघता निघेना. तिने चिमटा टाकला, खाली बसली, ते झाड दोन्ही हातांनी धरून ओढायला लागली, आणि ओढता ओढता तिचा आवाज फुटला. मी बांधावर बसून राहिलो. पुढे जाण्याची माझी लायकी नव्हती.

घरी पुष्पाकाकूंना तिनेच सांगितलं. मी दारात उभा होतो. काकू दळण निवडत होत्या. त्यांना नकाशा, अंश, मिनिटं काही कळणार नव्हतं, आणि पूनमने ते सांगितलंही नाही. हजार परस, एवढंच सांगितलं. काकूंनी वर पाहिलं, छताकडे, मग आणखी वर पाहायचं असल्यासारखी मान मागे टाकली. हजार माणसं हात वर करून एकावर एक. मी त्यांच्या नजरेवरून ओळखलं की त्या मोजू पाहत आहेत आणि मोजता येत नाही. मग सूप बाजूला ठेवलं. मला वाटलं त्या मला हाकलतील. त्यांच्या मनात मी नव्हतोच.

“तीन आखाज्या गेल्या,” त्या म्हणाल्या. “माह्या लेकराले पाणी नाई देल्लं मी.”

पंजाबराव म्हणाले, तुला काय ठाऊक होतं. काकूंनी ऐकलं नाही. त्याला तहान आवरत नव्हती, म्हणाल्या, आणि खाऱ्या पाण्यात तीन वर्षं तसाच ठेवला. मी तिथून निघालो. घरी येऊन अम्मीला सगळं सांगितलं आणि ती काही बोलायच्या आत झोपून गेलो. खरं म्हणजे चादर ओढून घेतली, झोप कुठली.

पुतळा झाला. पळसाची पानं या वेळी पूनमने आणली. मी दूर उभा राहून पाहिलं. दहावं, तेरावं झालं. मग रमजान लागला. मी रोजे धरले, सेंटर चालवलं, कोणावर ओरडलो नाही. लोकांना वाटलं रोज्यामुळे. प्रत्येक अर्ज भरल्यावर समोरच्याला म्हणायला लागलो, एकदा तुम्ही पण पाहून घ्या. लोक हसायचे.

त्या वर्षी ईद आणि आखाजी एकाच दिवशी आली. मे महिन्याची तीन तारीख. दोन दिवस आधी पूनम सेंटरवर आली. गळा मोकळा, हातात एकही बांगडी नाही. बाकावर बसली नाही. पुष्पाकाकूंचा निरोप घेऊन आली होती. राजकुमारचा पितर म्हणून मी जेवायला यायचं.

मला कळेना. मी म्हणालो, वहिनी, मी कसा, तुमचे भाऊबंद काय म्हणतील. पितर म्हणून सहसा जातीतला माणूस सांगतात. ती म्हणाली की भाऊबंदांना जे म्हणायचं ते म्हणून झालं. सासूबाईंनी त्यांना सांगितलं की माझं पोरगं ज्याच्या डब्यात जेवलं तोच त्याच्या जागी जेवेल. आणि मग, जाता जाता, तिच्या स्वतःच्या मनातलं म्हणाली की, या. नाही म्हणू नका.

ईदची नमाज पढून मी तसाच पांढऱ्या कपड्यांत त्यांच्या घरी गेलो. अम्मीने शिरखुर्म्याचा डबा दिला होता, तो मी दाराशी ठेवला. चुलीजवळ सारवलेलं होतं, रांगोळी काढली होती. पुरणपोळी, आमरस, कढी, कुरडया, सगळ्याचा वास एकत्र येत होता. भाऊबंदांतले दोघेतिघे ओट्यावर बसले होते. माझ्याकडे बघून त्यांनी मान फिरवली.

आत राजकुमारची एक घागर असेल असं मला वाटलं होतं. घागरी होत्या. चार. ओळीने मांडलेल्या, लाल, कोऱ्या, प्रत्येकीवर लोटी, प्रत्येक लोटीवर आंबा. मी पंजाबरावांकडे पाहिलं.

“तीन माघारच्या,” ते म्हणाले. “अन एक यंदाची.”

मी पाटावर बसलो. समोर भिंतीवर राजकुमारचा फोटो होता, मंगळूरला काढलेला, पाठीमागे बोट. फोटोला हार पहिल्यांदाच घातलेला दिसत होता. पुष्पाकाकू पहिल्या घागरीजवळ बसल्या. लोटी भरली आणि माझ्यापुढे धरली. जेवणाआधी पाणी. मी दोन्ही हातांनी घेतली. महिनाभर दिवसा पाण्याचा थेंब घेतला नव्हता. मग मी मान वर केली, लोटी तोंडापासून वर धरली आणि धार सोडली. तो सोडायचा तशी. थोडं पाणी गळ्यावर, कुर्त्यावर सांडलं. पूनम दाराला टेकून उभी होती, तिने तोंडात पदर कोंबला.

एक लोटी रिकामी झाली. काकूंनी दुसऱ्या घागरीतून भरली. मग तिसऱ्या. चौथीला माझं पोट तट्ट फुगलं होतं आणि डोळ्यांतून जे येत होतं ते पुसायला हात मोकळे नव्हते. मध्येच थांबलो असतो तर तो तसाच तहानलेला राहिला असता. मी थांबलो नाही. शेवटच्या थेंबापर्यंत प्यायलो आणि लोटी उपडी करून दाखवली.

पुष्पाकाकूंनी ती माझ्या हातातून घेतली. माझ्याकडे पाहिलं, पण मला पाहत नव्हत्या.

“भागली का रे बाबू?” त्यांनी विचारलं.

जन्मभर मी त्यांना काकू म्हणत आलो होतो.

“हाव माय,” मी म्हणालो. “भागली.”

त्यांनी पदराने माझा ओला गळा पुसला आणि पूनमला ताट वाढायला सांगितलं.